गोवा विद्यापीठ नवं होतं तेव्हा कारभारात विद्यार्थ्यांचं काही चालायचं का? आता विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीला उभं राहावं का?

चालायचं, पण फार थोडं. आणि जे थोडं चालायचं ते इतिवृत्ताच्या वहीत आलं तरच.

१ जून १९८५ ला विद्यापीठ सुरू झालं तेव्हा मी एस.वाय.बी.ए.ला जात होते. तोवर गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. आता विद्यापीठ आपलं झालं, म्हणजे आपलं ऐकलं जाईल, असं आम्हांला मनापासून वाटलं. त्याच भरात मी सी.आर., म्हणजे वर्गप्रतिनिधी झाले.

आमची तक्रार साधी होती. तासिका साडेबाराला संपायच्या, वाळपईकडची आमची बस चारला. कॉलेजची अभ्यासिका दुपारी एक वाजताच बंद. आम्ही सात-आठ मुली भर उन्हात बसस्टँडवर पुस्तकं मांडीवर घेऊन बसायचो. लोक बघत राहायचे. बैठकीत मी मागणी मांडली, अभ्यासिका पाचपर्यंत उघडी ठेवा. प्राचार्य म्हणाले, "करूया, करूया." मी घरी जाऊन बाबांना सांगितलं, काम झालं. बाबांनी विचारलं, "लिहून घेतलंस?" मला राग आला होता.

पुढच्या जूनमध्ये दाराला तेच कुलूप. नवे प्राचार्य म्हणाले, ठराव दाखव. ऑफिसातल्या कारकुनाने सांगितलं, "बाय, वही कपाटांत आसा, चावी सरांलागीं." ती चावी मिळवायला तीन आठवडे गेले. वहीत इंग्रजीत एकच ओळ होती: अभ्यासिकेच्या वेळेवर चर्चा झाली. कोण काय बोललं, काय ठरलं, काही नाही. आमच्या अख्ख्या वर्षाची ती एक ओळ. ती वाचताना माझे हात कापत होते, ते मला अजून आठवतं.

मग टी.वाय.ला पुन्हा सी.आर. झाले. ठराव घरूनच लिहून नेला, दोन कार्बन कॉप्यांसकट. बैठकीत वाचला आणि वहीत उतरवून सही होईपर्यंत खुर्चीवरून उठले नाही. एक प्राध्यापक उर्मट म्हणाले. म्हणोत. त्या हिवाळ्यात कोकणी राजभाषा व्हावी म्हणून झालेल्या आंदोलनाने महिनाभर सगळं विस्कळीत होतं, तरी जानेवारी १९८७ पासून अभ्यासिका पाचपर्यंत उघडी राहिली. मला स्वतःला ती जेमतेम दोन महिने मिळाली. माझ्या मागच्या मुलींना मात्र पूर्ण वर्ष मिळालं.

माझा आतेभाऊ यावर गेली पस्तीस वर्षं वाद घालतो. त्याचं म्हणणं, "तुझ्या कागदाने एक दार उघडलं, आम्ही रस्त्यावर उतरलो म्हणून सगळ्या गोव्याच्या पोरांना बसला हाफ तिकीट मिळालं." सत्तरच्या दशकाच्या शेवटी झालेल्या त्या आंदोलनात तो होता. माझं उत्तर तेच आहे: मोर्चा एकदा निघतो, बैठक दर वर्षी होते, आणि बैठकीत काय ठरलं ते वही ठरवते.

तुम्ही उभे राहा. पण आधी कोणता विषय कुठे जातो ते पाहा. विद्यापीठात अभ्यासक्रम आणि परीक्षा अकॅडमिक कौन्सिलकडे, पैसा आणि नेमणुका एक्झिक्युटिव्ह कौन्सिलकडे. फीबद्दल एकेका विषयाचा अभ्यासक्रम आखणाऱ्या अभ्यास मंडळात भांडून घसा कोरडा कराल, हाती काही येणार नाही. मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करायला येतं तेव्हाच चूक दाखवा. एकदा कायम झालं की ती ओळ बदलणं कठीण.

हे सगळं मी एका लहान कॉलेजातल्या अनुभवावरून लिहितेय. तिथे सी.आर.ला निदान बैठकीला बोलवायचे. आणि आतेभावाचं एक मान्य करायला हवं: वाळपईहून मी रोज त्याच अर्ध्या तिकिटावर यायचे. पूर्ण तिकीट असतं तर बाबांनी मला एफ.वाय.नंतर पाठवलं असतं का, मला सांगता येत नाही. त्याला हे मी अजून बोलले नाही. या चतुर्थीला बोलेन.