सायक्लोहेक्सिमाइड दिल्यावर सी-मिकची पट्टी चार तासांत गायब: चुकलंय काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या एमएस्सी प्रकल्पासाठी हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगपेशी) सायक्लोहेक्सिमाइड हे प्रथिननिर्मिती थांबवणारं औषध देऊन ०, ४, ८, २४ तासांनी नमुने घेतले. वेस्टर्न ब्लॉटवर सी-मिक या प्रथिनाची पट्टी ४ तासांनाच नाही, २४ तासांना तुलनेसाठीचं प्रथिन अ‍ॅक्टिनही फिकट. शिवाय अ‍ॅक्टिनोमायसिन डी (नवा आरएनए बनणं थांबवणारं औषध) देऊन काढलेलं आरएनएचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) दर वेळी वेगळं येतं.

अँटिबॉडीला दोष देऊ नका. सी-मिकचं अर्धायुष्य साधारण २० ते ३० मिनिटं आहे. ४ तासांत आठ-दहा अर्धायुष्यं उलटून जातात, मग पट्टी दिसणार कशी? ०, १५, ३०, ६०, १२० मिनिटं घ्या. २४ तासांचा नमुना तर टाकूनच द्या. इतका वेळ प्रथिननिर्मिती बंद राहिली की पेशी मरू लागतात आणि अ‍ॅक्टिन घसरतं ते त्यामुळेच.

सहा खाचांच्या प्लेटमध्ये एकाच दिवशी सारख्या पेशी पेरा. औषध उलट क्रमाने द्या: १२० मिनिटांच्या खाचेत आधी, १५ च्या खाचेत शेवटी, ० ला फक्त डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवलंय तो द्रव). मग सगळ्या खाचा एकदमच काढता येतात. १०० मिग्रॅ/मिलिचा साठा असेल तर २ मिलि माध्यमाला २ मायक्रोलिटर, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम/मिलि. सहाव्या खाचेत सायक्लोहेक्सिमाइडसोबत १० मायक्रोमोलर एमजी१३२ (प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतली प्रथिनं तोडणारी यंत्रणा, रोखणारं औषध) देऊन ६० मिनिटं ठेवा. तिथे पट्टी टिकली तर बहुधा प्रोटिअसोमचं काम आहे एवढं कळतं.

माध्यम ३७ अंशांना आणूनच वापरा. मे महिन्यात सोलापूरचं टेबल ४० अंशांवर असतं, तिथे प्लेट रेंगाळली तर विघटन चालूच राहतं. बर्फाची लादी बारीक फोडून ट्रे आधी भरून ठेवा, प्लेट थेट त्यावर, गार पीबीएसने (क्षारांचं बफर द्रावण) एकदा धुवा. सी-मिक केंद्रकातलं, सौम्य लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणारं द्रावण) त्यातलं बरंचसं गाळातच राहतं. उकळता एसडीएस नमुना बफर थेट खाचेत ओता, खरवडा, ९५ अंशांना ५ मिनिटं, डीएनएमुळे चिकट झालं तर सोनिकेट करा. सगळ्या खाचांचं सारखंच आकारमान जेलवर घाला.

त्याच जेलवर ० च्या नमुन्याचे १००, ५०, २५, १२.५ टक्के चढवा. हे बहुतेक जण गाळतात, आणि मग चमक संपृक्त झालेल्या पट्टीवरून आकडे काढतात. समजा ० ला १००, १५ ला ६५, ३० ला ४२, ६० ला १८ आले. नैसर्गिक लॉग घेऊन वेळेविरुद्ध रेषा काढा. उतार मिनिटाला ०.०२९, आणि ०.६९३ भागिले उतार म्हणजे सुमारे २४ मिनिटं. १२० ला पार्श्वभूमीएवढंच उरलं तर तो बिंदू रेषेत धरू नका.

आरएनएसाठी अ‍ॅक्टिनोमायसिन डी ५ मायक्रोग्रॅम/मिलि, वेळा त्याच, बाटली प्रकाशापासून झाकून. आरएनए वेगळा काढणारं ट्रायझॉल थेट खाचेत. तुमचा घोळ दोन ठिकाणी असावा. एक, सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) ऑलिगो-डीटीने, म्हणजे पॉली-ए शेपटाला चिकटणाऱ्या प्रायमरने, केलात का? विघटनात पॉली-ए शेपूट आधी आखडतं, म्हणून संदेश (एमआरएनए) शाबूत असतानाही नाहीसा वाटतो. आरएनएवर कुठेही चिकटणारे रँडम हेक्सामर वापरा. दोन, तुलनेसाठी घेतात तो जीएपीडीएचचा संदेश टिकाऊ आहे, पण लांब वेळांना तोही घटतो, आणि त्याच्याशी भागलं की तुमचा आरएनए खऱ्यापेक्षा टिकाऊ दिसतो. त्याऐवजी १८एस (रायबोसोमचा आरएनए) घ्या. प्रायमरची कार्यक्षमता १०० टक्क्यांजवळ असेल तर सीटीतला (क्यूपीसीआरमध्ये संकेत दिसू लागतो ते आवर्तन) १ चा फरक म्हणजे निम्मं. ३० मिनिटांत १.१ वाढला तर अर्धायुष्य २७ मिनिटं.

दोन्ही औषधं मापनच थोडं बिघडवतात. सायक्लोहेक्सिमाइडने एमडीएम२सारखे अल्पायुषी लायगेजही (प्रथिनांवर विघटनाची खूण लावणारी विकरं; एमडीएम२ ती पी५३ वर लावतं) संपतात, म्हणून पी५३ खऱ्यापेक्षा टिकाऊ भासू शकतं. अ‍ॅक्टिनोमायसिनने काही संदेशांचं विघटन मंदावतं. औषधाविना करायचं तर आरएनएला ४-थायोयुरिडिन आणि प्रथिनांना जड अमिनो आम्लं लावून लेबल देतात, पण तिथे पेशी वाढत राहतात आणि वाढीनेही लेबल विरळ होतं. मोजलेल्या दरातून ०.६९३ भागिले दुप्पट होण्याचा काळ वजा केल्याशिवाय विघटनाचा दर मिळत नाही; २४ तासांत दुप्पट होणाऱ्या पेशींत वजा करायचा हा आकडा तासाला ०.०२९ असतो. सी-मिकला त्याने फरक पडणार नाही, दिवसभर टिकणाऱ्या प्रथिनाला मात्र पडेल.