आईला शॉक द्यायला हो म्हणू का?

‘ताई, आई ६१ वर्षांची. तीन महिने झाले, धड जेवत नाही, बोलत नाही. “मला आता जाऊ द्या” एवढंच पुटपुटते. दोनदा गोळ्या बदलून झाल्या. डॉक्टर ईसीटी, म्हणजे डोक्याला विजेचे शॉक देण्याचा उपचार, करू म्हणतात. मामा ओरडतो, माझ्या बहिणीला शॉक देऊन वेडी करायची का? मी सही करू का?’

अगं, मामाला वाईट समजू नकोस. १९३८ साली रोममध्ये हा उपचार सुरू झाला तेव्हा भूल देतच नसत, आणि पुढेही कित्येक वर्षं तसंच चाललं. त्याच्या डोळ्यांपुढे तेच आहे. आता २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देताच येत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीला दिले तेव्हा मी दाराबाहेर होते. आदल्या दिवशी तिचे केस धुतले. तेल लावायचं नाही, असं नर्सनं बजावलं होतं. सकाळी उपाशीपोटी नेली. तिची कवळी आणि बांगड्या माझ्या रुमालात. थोड्या वेळानं बाहेर आणली, म्हणाली, डोकं दुखतंय. चौथ्या शॉकनंतर एका सकाळी तिनं आपणहून चहा मागितला आणि साखर कमी म्हणून कुरकुरली. मी मोरीत जाऊन रडले गं.

पण त्या पावसाळ्यातलं बरंच तिला आजही आठवत नाही. भाच्याचा साखरपुडा ती फोटोत बघते. विसर पडतो, बहुतेक त्या काळापुरता, पण पडतो. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचार: डोक्याच्या एका बाजूनं देणार की दोन्ही? एका बाजूनं दिला तर विसर कमी असतो. साधारण ६ ते १२ वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा देतात. नंतर औषधं सोडायची नाहीत, आजार उलटतो.

सहीचं म्हणशील तर आधी आईलाच विचार. ‘तपासणीला जाऊ’ असं खोटं सांगून नेऊ नकोस. तिला समजून ठरवता येत नसेल तर तिच्या वतीनं कोणी ठरवायचं ते कायद्यात आहे, डॉक्टर सांगतील. पुढच्या भेटीला मामाला सोबत ने, त्याचे प्रश्न त्यालाच विचारू दे.

आणि तिला एकटी ठेवू नका. गोळ्या, फवारणीची औषधं कुलपात. रात्री-अपरात्री घाबरलीस तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव. पाणीसुद्धा घेत नसेल तर पुढच्या भेटीची वाट बघू नकोस, आजच ने.