बोनसमधली वेगळी पुडी

इंदूर,
कोजागिरी पौर्णिमा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पहिला बोनस येतोय आणि त्यातून थोडं कुणाला तरी द्यावंसं वाटतंय, हे वाचून बरं वाटलं. बोनस दिवाळीच्या सुमारास येतो त्याला लक्ष्मीइतकंच कायद्याचंही कारण आहे. ज्यांना तो कायद्यानं लागू आहे त्यांना ३१ मार्चला वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत, किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो. ही तारीख जेल रोडच्या मोबाइलवाल्यांना तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

म्हणून द्यायची रक्कम खरेदीची यादी करायच्या आधी बाजूला काढ. ‘उरलं तर देऊ’ म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही. राजवाड्यासमोरच्या बागेत ज्यांचा पुतळा आहे त्या अहिल्याबाईंनी दौलतीचा खजिना आणि खासगी, म्हणजे स्वतःची मिळकत, कधी एकत्र केली नाही. घाट, धर्मशाळा, देवळं यांचा खर्च खासगीतून व्हायचा. तुझी खासगी म्हणजे एक दुसरं बचत खातं, ज्याचं डेबिट कार्ड घ्यायचं नाही आणि जे मोबाइलवरच्या पेमेंटला जोडायचं नाही. समज, हातात ३०,००० आले, तर ३,००० त्याच दिवशी तिकडे वळव.

या ३,००० मधून कामवाल्या बाईंना, पाणी सोडणाऱ्याला किंवा सोसायटीच्या चौकीदाराला द्यायचं नाही. ती पोस्त आहे, दान नव्हे. वर्षभर त्यांनी केलेल्या कामाचं ते देणं आहे आणि ते घरखर्चातून जातं. बाईंना एक पगार जास्तीचा, तोही वसुबारसेच्या आत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाकीट हातात पडलं तर त्यांनी मुलांचे कपडे घ्यायचे कधी? आणि पैशांऐवजी घरात नको झालेला सोनपापडीचा डबा पुढे सरकवणं, याला कृतज्ञता म्हणू नकोस.

हप्त्यांबद्दल थोडक्यात. ‘बिनव्याजी हप्ता’ म्हणतात त्यात व्याज असतंच, फक्त तेवढी सूट किमतीत दाखवलेली असते. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, वर प्रक्रिया शुल्क. रोखीनं घेणाऱ्याला काय भाव, हे आधी विचार.

आता देण्याकडे. दिवाळीच्या चार दिवसांत मुलांच्या वसतिगृहात मिठाई येते ती इतकी की मुलं दुसऱ्या दिवशी जेवत नाहीत. माव्याची मिठाई दोन दिवसांत आंबते, मग ती गाडीवाल्याच्या ओल्या कचऱ्यात. जानेवारीत मात्र डाळ कमी पडते. शाळेतल्या माध्यान्ह भोजनाचं प्रमाण घे: सहावी ते आठवीच्या मुलामागे एका वेळी ३० ग्रॅम डाळ. चाळीस मुलं, दोन वेळा, म्हणजे दिवसाला २ किलो ४०० ग्रॅम. २५ किलोचं पोतं जेमतेम दहा दिवस पुरतं. असं पोतं सियागंजच्या ठोक बाजारातून घेतलंस तर किरकोळीपेक्षा स्वस्त पडतं. पण घेण्याआधी संस्थेत फोन करून एकच प्रश्न विचार: ‘मागच्या जानेवारीत काय कमी पडलं होतं?’ ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारलंस तर संकोचानं ‘काहीही चालेल’ असं उत्तर येतं, आणि मग तू चादरी नेतोस जिथे साबण हवा असतो.

३,००० पैकी १,८०० चे बारा भाग कर, महिन्याला १५० रुपये, बँकेतून त्या संस्थेला आपोआप जातील असे. रक्कम लहान वाटेल. पण ज्याला दर महिन्याला गॅसची टाकी भरायची आहे त्याला एकरकमी ओघापेक्षा ठरलेली तारीख जास्त उपयोगाची. उरलेले १,२०० डिसेंबरसाठी राखून ठेव.

साफसफाईत निघालेले कपडे देताना बहुतेकांचं चुकतं. आधी धुऊन पूर्ण वाळव. दमट गठ्ठा आठवड्यात कुबट होतो आणि सगळाच टाकावा लागतो. तुटलेली चेन, गेलेली बटणं आधी लावून घे. सलवारीसोबत कुर्ता, जोड्यातले दोन्ही बूट दोरीनं एकत्र बांध. प्रत्येक गठ्ठ्यावर वय आणि माप चिठ्ठीवर लिही, नाहीतर निवडण्यातच तिथल्या माणसांचा दिवस जातो. जे तू स्वतः धाकट्या भावाला दिलं नसतं, ते देऊ नकोस.

ब्लँकेटं दिवाळीत वाटू नकोस. आपल्याकडे खरी थंडी डिसेंबरच्या मध्यापासून, पारा दहाच्या खाली जातो तेव्हा. चार मित्रांचे १,२०० मिळून ४,८०० होतील. घेताना नक्षी बघू नकोस, वजन बघ: दोन किलोच्या आसपास, गडद रंगाचं, काठ शिवलेलं. एमवाय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या बाहेर झाबुआ-धारकडून आलेले रुग्णांचे नातेवाईक उघड्यावर झोपतात, सरवटे बसस्टँडच्या आसपासही माणसं असतात. वाटप रात्री अकरानंतर कर. दिवसा जो जवळ उभा असतो त्याला मिळतं, रात्री ज्याला खरंच नाही तो दिसतो. झोपलेल्याला उठवू नकोस, अंगावर घाल आणि पुढे हो. फोटो तर नकोच.

पैसे संस्थेला दिलेस तर देणगीवर आयकरात मिळणाऱ्या वजावटीचा मोह तपासून बघ. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही. जुनी निवडली असशील तर २,००० पेक्षा जास्त रोख देऊ नकोस, ती धरली जात नाही. वस्तूंचीही वजावट नाही. पॅन दे, पावती घे, आणि वर्ष संपल्यावर संस्थेकडून प्रमाणपत्र माग.

एक देणं बाजारात मिळत नाही: रक्त. दिवाळीत कॉलेजं बंद, शिबिरं होत नाहीत, देणारे गावी गेलेले. रक्तातल्या प्लेटलेट काढल्यावर पाचच दिवस टिकतात, त्यामुळे साठवून ठेवताही येत नाहीत. तू अठरा पूर्ण आहेस, वजन ४५ किलोच्या वर आहे, हिमोग्लोबिन १२.५ असलं की झालं. उपाशी जाऊ नकोस, आधी पोहे खा, दोन पेले पाणी पी. पुरुषानं पुन्हा देण्याआधी ९० दिवस जावे लागतात, म्हणजे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दिलंस तर पुढची खेप जानेवारी-फेब्रुवारीत. तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेव.

फराळाला ये.