दुटप्पी, तळ्यात-मळ्यात की दोन डगरींवर पाय?

गुहागरच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे: "अमेरिकेतल्या १८६४ च्या निवडणुकीवर मुलांसाठी टिपण लिहिते आहे. यादवी युद्ध चालू होतं. डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा म्हणत होता युद्ध थांबवा, आणि त्याच पक्षाचा उमेदवार म्हणत होता लढाई अशी सोडता येणार नाही. मी 'पक्षाने संमिश्र संदेश दिले' असं लिहिलं. शाळेतले सर म्हणतात 'दुटप्पी' लिहा. मुलं म्हणाली 'तळ्यात-मळ्यात'. यातलं बरोबर काय?"

बाई, 'संमिश्र' आधी काढून टाका. नाटकाला संमिश्र प्रतिसाद मिळतो, म्हणजे कोणी वाहवा करतं, कोणी नाक मुरडतं. तिथे हा शब्द शोभतो. पण एकाच पक्षाची दोन बोलणी एकमेकांना छेद देत असतील, तर 'संमिश्र' म्हटल्यावर तो छेदच दिसेनासा होतो.

बाकीचे शब्द पारखायचे तर प्रसंग नीट डोळ्यांपुढे हवा. ऑगस्ट १८६४ च्या अखेरीस शिकागोला पक्षाचं अधिवेशन भरलं. युद्धाला चौथं वर्ष लागलं होतं, लोक थकले होते. शांतिवादी गटाने जाहीरनाम्यात घालून घेतलं की चार वर्षं लढूनही संघराज्य पुन्हा एक झालेलं नाही, तेव्हा लढाई थांबवून वाटाघाटी करा. आणि उमेदवार निवडला तो जॉर्ज मॅकलेलन, प्रतिस्पर्धी राष्ट्राध्यक्ष लिंकनच्याच सैन्याचा माजी सेनापती! जोडीला उपाध्यक्षपदासाठी पेंडलटन, तो शांतिवादी. २ सप्टेंबरला दक्षिणेतलं अटलांटा शहर उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या, सैन्याच्या हाती पडलं. ८ सप्टेंबरच्या स्वीकृतीपत्रात मॅकलेलनने सांगून टाकलं की तुमचं बलिदान फुकट गेलं, असं मी माझ्या सैनिकांच्या तोंडावर म्हणू शकणार नाही.

आता 'दुटप्पी'. हा शब्द माणसाच्या हेतूवर बोट ठेवतो. मनात एक ठेवून समोरचा बघून दुसरं बोलतो, तो दुटप्पी. मॅकलेलन तसा नव्हता, त्याने आपलं मत स्वतःच्या सहीनिशी लिहून दिलं. शांतिवादी गटही लपूनछपून बोलत नव्हता. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असताना त्यांना दुटप्पी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. बातम्यांत हा शब्द हल्ली इतका स्वस्त झाला आहे की खऱ्या दुटप्प्याला लावायला धार उरलेली नाही.

'नरो वा कुंजरो वा' तुम्ही विचारलेलं नाही, पण युद्धाचा विषय निघाला की कोणीतरी ते सुचवणारच. ते इथे नको. धर्मराजाला ठाऊक होतं की मेला तो हत्ती. त्याने मुद्दाम बोलणं धूसर ठेवलं. शिकागोचा जाहीरनामा आणि मॅकलेलनचं पत्र, दोन्ही लख्ख स्पष्ट होती. घोटाळा होता तो दोन्ही एकत्र वाचण्यात.

मुलांचा शब्द मला आवडला, कारण तो त्यांच्या अंगात भिनलेला आहे. पुळणीवर पायाने रेघ ओढायची, राज्य असलेला ओरडतो "तळ्यात!" की सगळ्यांनी आत उडी, "मळ्यात!" की बाहेर. पण या खेळात एका क्षणी तुम्ही एकाच बाजूला असता. म्हणून रोज मत बदलणाऱ्याला, मनाचा निश्चय न होणाऱ्याला तळ्यात-मळ्यात शोभतं. डेमोक्रॅट उड्या मारत नव्हते. ते एकाच वेळी दोन्हीकडे उभे होते.

त्यासाठी मराठीत नेमका प्रयोग आहे: दोन डगरींवर पाय. डगर म्हणजे नदीचा किंवा खाडीचा उभा काठ. कोणी 'दोन दगडांवर पाय' म्हणतात, तेही चालतं, पण डगरीत मधलं पाणी दिसतं आणि सगळी गंमत त्या पाण्यात आहे. आमच्या दाभोळच्या धक्क्यावर लहानपणी हे मी स्वतः पाहिलं आहे. धोपाव्याला जायची होडी लागलेली, ओहोटीचं पाणी ओढ घेत असलेलं. एका गृहस्थांनी एक पाय होडीत टाकला आणि दुसरा धक्क्यावरच ठेवून मागच्या माणसाकडून पिशवी घ्यायला वळले. होडी वीतभर सरकली, मग हातभर. नावाडी ओरडला, "पाय उचला!" कुठला पाय ते त्यांना कळेना. पिशवी वाचली, ते मात्र कमरेपर्यंत पाण्यात. पाय ठेवले तेव्हा दोन्ही जागा पक्क्याच होत्या. मधलं अंतर वाढलं ते पाण्याने.

अटलांटा पडल्यावर उत्तरेला विजय दिसू लागला, तहाचा काठ आणि लढाईचा काठ यांतलं अंतर वाढलं, आणि त्या पक्षाचं नेमकं हेच झालं. गंमत म्हणजे त्या वर्षीच्या एका अमेरिकन व्यंगचित्रात मॅकलेलन सर्कशीतल्या स्वारासारखा दोन घोड्यांवर पाय टाकून दाखवला आहे. त्यांच्याकडे घोडे, आपल्याकडे डगरी.

एक शब्द शेजारचा म्हणून सांगते: घूमजाव. १९१६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा प्रचार 'त्यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं' या घोषणेवर झाला आणि एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. मधल्या काळात जर्मनीने पाणबुड्यांचे हल्ले पुन्हा मोकळे सोडले होते, त्यामुळे हे घूमजाव सकारण होतं की नाही यावर वाद घालता येतो. पण आधी एक आणि नंतर दुसरं, हा क्रम असल्यामुळे तिथे डगरी चालणार नाहीत.

तुमच्या टिपणातलं वाक्य मी असं करीन: "युद्धाच्या प्रश्नावर पक्षाने दोन डगरींवर पाय ठेवले, जाहीरनामा तहाचा आणि उमेदवार लढाईचा." पुढे निर्वाचक मंडळातल्या मतांचा आकडा द्या, लिंकन २१२ आणि मॅकलेलन २१. सरांना सांगा, 'दुटप्पी' मी खोडलेला नाही, फक्त या टिपणातून काढला आहे.