शब्द त्याचेच, तरी वाक्य त्याचं नाही

तुम्ही विचारलंय की मी तर समोरच्याचेच शब्द कॉपी-पेस्ट केले, मग तो 'माझं बोलणं तोडलंत' असं का म्हणतोय. मुंबई लोकलच्या त्या चर्चेत वर जाऊन बघितलं. त्याने लिहिलं होतं, "एसी लोकल वाढवा, पण साध्या फेऱ्या रद्द करून नको." तुम्ही घेतलं फक्त "एसी लोकल वाढवा" आणि मग विरारच्या गर्दीचं त्याला काही पडलेलं नाही म्हणून झापलंत. अहो, त्याचं सगळं म्हणणं त्या 'पण'च्या पुढेच होतं ना!

हे मी एवढं तळमळून सांगतोय कारण माझ्याकडून हेच झालंय. मुलुंडला आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चाललं होतं, तळमजल्यावरच्या काकांनी ग्रुपवर लिहिलं की बिल्डरकडून बँक गॅरंटी (त्याने काम अर्धवट सोडलं तर बँक पैसे देईल अशी हमी) हातात येईपर्यंत संमतीपत्रावर सही करू नका, आणि मी दुसऱ्या ग्रुपवर टाकलं, काका म्हणतात "सही करू नका". झालं, काका रिडेव्हलपमेंटच्या विरोधात अशी बोंब झाली, लोक जिन्यात त्यांच्याशी बोलेनात. मी सगळ्यांसमोर माफी मागितली, पण ज्यांनी आधीचं वाचलं त्यांच्यातल्या निम्म्यांनी ते नंतरचं वाचलंच नाही.

मोठ्या माणसांचंही आपण हेच करतो. बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण घ्या. सत्याग्रह, असहकार सोडून द्यायला हवेत असं ते म्हणाले एवढंच लोक आंदोलनवाल्यांच्या तोंडावर फेकतात. पण त्याच परिच्छेदात ते असंही म्हणतात की घटनात्मक मार्गच नव्हते तेव्हा त्या मार्गांचं बरंच समर्थन करता येत होतं, आता घटनात्मक मार्ग खुले आहेत म्हणून ते नकोत. अट काढली की वेगळाच माणूस बोलतोय असं वाटतं.

म्हणून मी आता पूर्ण वाक्य घेतो, पण, जर, बहुतेक, मला वाटतं हे शब्द तर अजिबात गाळत नाही. अवतरण चिन्हात फक्त जसंच्या तसं, माझ्या शब्दांत सांगायचं असेल तर चिन्हं काढून 'मला असं समजलं' लिहितो. इंग्रजीतलं असेल तर भाषांतर माझं आहे हे सांगतो. व्हॉट्सअॅपवर १५ मिनिटांपर्यंत मेसेज एडिट करता येतो, त्यामुळे भांडायच्या आधी परत एकदा वर जाऊन बघतो, कधीकधी त्याने स्वतःच दुरुस्त केलेलं असतं. आणि त्याच्या टायपिंगच्या चुका दाखवत बसू नका, विषय तो नाहीये.

आता तुम्ही एवढंच करा, त्याचं पूर्ण वाक्य टाका, खाली लिहा की 'पण'पासूनचं माझ्याकडून सुटलं, सॉरी. तुमचा मुद्दा मात्र सोडू नका. साध्या फेऱ्या तशाच ठेवून एसी गाड्यांना टाइमटेबलमध्ये जागा कुठून काढायची, हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो त्याच्या पूर्ण वाक्यालाच विचारता येतो.