‘स्फेरूल’ला कणिका म्हणावं का?

खानापूरच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: मंगळावरच्या खडकांविषयी मुलांना सांगताना ‘स्फेरूल’ला, म्हणजे चिमुकल्या गोल दाण्याला, मराठीत काय म्हणायचं? ‘कणिका’ चालेल का?

बाई, कणिका नको. कणिका म्हणजे बारीक कण, मग तो वाटोळा असो नाहीतर वेडावाकडा. स्फेरूलमध्ये वाटोळेपणालाच महत्त्व. लॅटिनमध्ये ‘स्फेरा’ म्हणजे गोल, त्याला लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागून ‘स्फेरुला’ झालं. आपल्याकडे तेच काम ‘इका’ करतो, म्हणून गोलिका. अस्सल मराठी जोडी गोळा-गोळी अशी आहे खरी, पण गोळी औषधवाल्यानं आणि बंदूकवाल्यानं केव्हाच पळवली. ‘गोलक’ म्हटलं की नेत्रगोलक आठवतो आणि वस्तू उगाच मोठी वाटते. आपल्या भागात कन्नडच्या शेजारामुळे कुणी ‘गुंडी’ही सुचवेल, ती शर्टालाच राहू दे.

मुलांना एक गोष्ट मात्र जरूर सांगा. गोलिका हा शब्द आकार सांगतो, जन्मकथा सांगत नाही. २००४ साली ऑपॉर्च्युनिटी ही गाडी मंगळावर उतरली, तिला काही मिलिमीटरच्या गोलिका विखुरलेल्या दिसल्या. त्यांत हेमॅटाइट हे लोहखनिज निघालं. खडकात मुरलेल्या पाण्यातून खनिज थराथरानं साचत त्या तयार झाल्या असाव्यात, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे तिथं कधीकाळी पाणी होतं. याउलट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोत चिक्शुलूबला अशनी आदळली, तेव्हाच्या गोलिका वितळलेल्या खडकाचे थेंब उडून हवेतच थिजल्यामुळे झाल्या. लोणारच्या विवराभोवतीही आघातानं वितळलेल्या काचेच्या अशा गोलिका सापडल्या आहेत.

तिसरी तऱ्हा बघायला लांब जायला नको. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकामावर ग्राइंडर चालतो तेव्हा उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण. त्यांतले वितळलेले कण पृष्ठताणामुळे गोल होऊन थिजतात. तिथली धूळ चुंबकानं उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर सुरेख काळ्या गोलिका दिसतात. गच्चीवरच्या धुळीत अवकाशातून आलेल्या गोलिका शोधणाऱ्यांना याच ठिणग्या चकवतात. नॉर्वेचे जॉन लार्सन शहरांतल्या छपरांवर खऱ्या अवकाशधुळीचा शोध घेत होते, त्यांनाही आधी ही कारखानी धूळ बाजूला काढावी लागली. नुसत्या गोलपणावर भागत नाही, पृष्ठभागाची नक्षी आणि आतली रसायनं तपासावी लागतात.

दुधातल्या चरबीच्या गोलांना इंग्रजीत ‘ग्लोब्यूल’ म्हणतात. मराठीत तिथं ‘स्निग्धगोलिका’ लिहिलं तरी बिघडत नाही. घन की द्रव हा भेद वाक्यावरून कळतो. औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवतात त्या ‘मायक्रोस्फिअर’ना सूक्ष्मगोलिका म्हणावं.

आणि फळ्यावर लिहिताना: एक गोलिका, अनेक गोलिका, गोलिकेत, गोलिकांमध्ये. ‘गोलिक्या’ करू नका.