कुलूप कोणतं, हे नंतर

प्रश्न : येत्या डिसेंबरात आम्ही नवरा-बायको ३८ फुटी शिडाच्या बोटीनं कॅरिबियनमधल्या मार्टिनिकहून ग्रेनेडापर्यंत बेटाबेटांनी जाणार आहोत. किनाऱ्यावर ये-जा करायला हवेची डिंगी आणि १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक यामाहा इंजिन आहे. त्या भागात डिंग्या चोरीला जातात असं जो तो सांगतो. कुलूप कोणतं घ्यावं? एअरटॅग (ॲपलची वस्तू शोधायची चकती) लपवला तर उपयोग होईल का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : कुलूप सांगतो, पण आधी डिंगी पाण्याबाहेर काढायची सवय लावून घ्या. रोज रात्री, जेवायला बसण्यापूर्वी. तिकडचे मुरलेले बोटवाले एवढंच म्हणतात : उचला, नाहीतर विसरा.

चोराला डिंगीपेक्षा इंजिनाची हाव जास्त. तुमचं मॉडेल तर बेटांवरच्या मच्छीमारांच्या होड्यांवरही दिसतं. म्हणजे विकायला सोपं, सुटे भाग हाताशी, आणि ३५-४० किलोचं धूड एकटा गडी उचलून नेतो. डिंगी मागे दोरानं बांधून तुम्ही झोपलात, तर त्याला फक्त एक सुरी लागते. तीन जागी पट्टे बांधा, डोलकाठीवरचा मोकळा हॅलियार्ड (शीड वर ओढायचा दोर) लावा आणि विंचनं (दोर ओढायच्या रहाटानं) डेकच्या कठड्याइतकी वर घ्या. इंजिन वेगळं काढून कठड्यावरच्या फळीला लावलंत तर विंच फिरवणाऱ्याचे खांदे वाचतील. रात्री पाऊस येतोच, म्हणून तळाचं बूच काढून ठेवा. आमच्याकडे ते बूच इंजिनाच्या लाल सेफ्टी-दोरीला बांधलेलं असतं. ती दोरी लावल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, त्यामुळे सकाळी बुचाची आठवण आपोआप होते.

आता कुलूप. इंजिन डिंगीला आवळून धरणाऱ्या दोन्ही पकड-दांड्यांवर सरकवायची पोलादी नळी मिळते, ती घ्या. सोबत ८-१० मिलिमीटरची कडक पोलादाची साखळी, वर रबरी नळी चढवून, नाहीतर डिंगीचं कापड घासून फाटतं. प्लॅस्टिक चढवलेली बारीक वायर दिसते ऐटबाज, पण बोल्ट-कटरपुढे तिचा टिकाव लागत नाही. गावातल्या जेटीवर दिवसाढवळ्याही साखळी लावा. डिंगीवर मोठ्या बोटीचं नाव मात्र लिहू नका. जेटीवर ते नाव वाचणाऱ्याला कळतं, की बोटीवर आत्ता कुणी नाही.

एअरटॅगला जवळून जाणारा कुणाचा तरी आयफोन लागतो. वस्तीत ठीक, निर्जन खाडीत तो मुका. आणि तो हलताना दिसलाच, तर पाठलाग करायला जाऊ नका, पोलिसांना ठिकाण दाखवा.

सकाळी डिंगी जागेवर नसेल, तर आधी पश्चिमेकडे दुर्बीण लावा. तिथं व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात आणि नांगर टाकायच्या बहुतेक जागा बेटांच्या पश्चिम अंगाला. इंजिन काढून सोडून दिलेली डिंगी उघड्या समुद्राकडेच वाहत जाते. कधी तर चोर नसतोच, आपलीच गाठ सुटलेली असते. व्हीएचएफ रेडिओवर आजूबाजूच्या बोटींना लगेच कळवा, उजाडताना कुणीतरी तिकडे निघालेलं असतं.

निघण्यापूर्वी इंजिनाच्या ब्रॅकेटवरच्या नंबराचा फोटो काढा, बिलाची प्रत जवळ ठेवा. विम्याचा कागद बारीक अक्षरांसकट वाचा. काही कंपन्या इंजिनाला कुलूप होतं याचा पुरावा मागतात, तेव्हा तुटलेली साखळी फेकू नका.